मदत हवी आहे : पुस्तक मिटलं की काही मुलांची पाटी कोरी

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. रोडिगर-कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा स्मरणावरचा २००६ चा प्रयोग अनेकांना माहीत असेल: पाच मिनिटांनी विचारलं तर उतारा पुन्हा वाचणारे सरस, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे. म्हणून तास संपताना पुस्तकं मिटायला लावून ‘आठवेल ते लिहा’ सांगते. बरीच मुलं भराभर लिहितात. मागच्या बाकावरची दोघंतिघं मात्र तारीख घालतात, समास आखतात, ‘पचनसंस्था’ लिहितात आणि पेन चावत बसतात. त्यांना फळ्यावर शब्द दिले, तर आठवण्याचा कस लागेल का? की अर्धवट आकृती द्यावी? वर पालक म्हणतात, बाई रोज परीक्षा घेतात! (गुण देतच नाही हो.) कुणी वर्गात करून पाहिलंय का?