अनुभव धागा : नाशिकहून जर्मनीत बिऱ्हाड हलवताना

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून श्टुटगार्टच्या बाजूला बदलीवर जाणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न ठरलेले असतात. व्हिसाची माहिती कुठेही मिळते, उतरल्यावर घर कसं लावायचं ते मात्र कोणी सांगत नाही. तिकडे असलेल्यांनी आणि राहून परतलेल्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको. काय करायचं आणि कशाने अडतं, तेवढंच लिहा.

इंदिरानगर, सध्या श्टुटगार्ट

पहिलं काम पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. नुसता भाडेकरार चालत नाही. 'हे लोक अमुक तारखेपासून इथे राहतात' असं घरमालकाच्या सहीचं वेगळं पत्र लागतं. तात्पुरती खोली देणारे काहीजण हे पत्र देत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधीच विचारून घ्या. नोंदणी झाली की ११ आकडी टॅक्स आयडी पोस्टाने येतो, त्याला काही आठवडे जातात. तो कंपनीकडे पोचला नाही तर पगारातून वर्ग ६ प्रमाणे, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. पुढे हिशेब सरळ होतो, पण पहिल्या महिन्याचं गणित त्या धोरणाने करा.

पोस्टपेटीवर आणि बेलवर आडनाव आलंच पाहिजे. इमारतीत बहुधा फ्लॅट नंबर नसतात, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स आयडी असं सगळं पोस्टानेच येतं. पहिल्या दिवशी कागदाची पट्टी चिकटवली तरी चालते. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल, घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावी लागते, वाद घालण्यात अर्थ नाही.

कॉलेज रोड, परतलेले

निघण्याआधी नावं जुळवा. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असेल तर तिकडे ते तुमचंच दुसरं नाव धरतात आणि बँकेपासून विम्यापर्यंत तसंच छापतात. त्यात गैर काही नाही, फक्त सगळीकडे एकसारखं हवं. अडतं ते बायकोच्या कागदांत: पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं स्पष्ट आहेत ना, बघा. मुलाच्या जुन्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी असते, तीही महापालिकेतून भरून आणा. जर्मन भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्यायचं, साध्या अनुवादकाचं चालत नाही.

गंगापूर रोड, सध्या लुडविग्सबुर्ग

घराबद्दल. जाहिरातीतल्या काल्टमिटेमध्ये, म्हणजे नुसत्या जागेच्या भाड्यात, पाणी, हीटिंग, कचरा काही धरलेलं नसतं; हे धरून होणारं भाडं, म्हणजे वार्ममिटे, विचारा. त्यातही घरातली वीज बहुतेक वेगळीच असते. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमिटेइतकी, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायद्याने हक्क आहे. काही घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी आधीच्या भाडेकरूने उचलून नेलेली असते. 'आइनबाउक्युखे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, असं लिहिलेलं घरच शोधा.

आपल्याकडून घराचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बुरशीने. रोजचा भात, वरण, कुकरच्या शिट्ट्या आणि आत वाळत घातलेले कपडे, ही सगळी वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर जाऊन बसते. खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण भिंत गार होते आणि दमटपणा तिथेच राहतो. हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, हिवाळ्यात पाच-दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, आणि स्वयंपाक व आंघोळीनंतर लगेच. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, थोडी फट ठेवा. दमटपणा मोजायचं स्वस्त यंत्र मिळतं, काटा ६० टक्क्यांच्या खाली हवा. घर सोडताना बुरशी दिसली की अनामतीवर गदा येते.

चिमणीचंही बघून घ्या. पुष्कळ ठिकाणी ती हवा बाहेर टाकत नाही, कोळशाच्या गाळणीतून परत खोलीतच सोडते. ती गाळणी बदलली नाही तर हिंग-मोहरीची फोडणी जिन्यापर्यंत पोचते.

पंचवटी, सध्या श्टुटगार्ट

भांड्यांचं सांगते. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, काचेच्या साध्या विजेच्या शेगडीवर चालतो. बुडाला चुंबक लावून बघा, चिकटलं तरच इंडक्शनवर चालेल. मिक्सर बिनधास्त न्या, वीज तिकडेही २३० व्होल्टच आहे. फक्त प्लग बसत नाही; मिक्सरला अर्थिंग असलेला अडॅप्टरच हवा, बिनअर्थिंगचा साधा दोन पिनांचा नको. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावू नका, खालचे वर येतात.

पोळीला ४०५ नंबरचं पीठ घेऊ नका, ते केकचं. १०५० मध्ये थोडं ५५० मिसळा, नाहीतर भारतीय दुकानातला आटा आहेच. मिसळीच्या मटकीला थंडीत मोड येत नाहीत. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. विरजणही तसंच लागतं. तुपाला बुटरश्माल्झ चालतं. कोथिंबिरीची मोठी जुडी आणि भेंडी तुर्की दुकानात.

नाशिक रोड, परतलेले

वरच्या प्रतिसादाला जोडून, बॅगेत काय नको ते. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं-पालेभाजीसुद्धा वनस्पती-आरोग्य दाखल्याशिवाय नाही. सूट फक्त केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियनला. कढीपत्ता आणि द्राक्षं गेली. कोंडाजीचा चिवडा, गोडा मसाला, पापड चालतात. द्राक्षांची खंत करू नका, हंगामात आपलीच थॉमसन तिकडच्या सुपरमार्केटच्या डब्यात दिसते.

सिडको, सध्या कार्ल्सरूह

मुलांना शाळा-पाळणाघरात घालताना गोवराच्या लशीचा पुरावा लागतो, मार्च २०२० पासूनचा कायदा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस. भारतातल्या लसीकरण कार्डावर 'एमआर' (गोवर-रुबेला) असं लिहून तारीख आणि शिक्का हवा. खाडाखोड असेल तर डॉक्टरांकडून नवीन लिहून घ्या. शाळा सक्तीची आहे, स्वस्त तिकीट मिळालं म्हणून सुट्टीच्या चार दिवस आधी नाशिकला निघता येत नाही. रात्री-रविवारी डॉक्टर हवा तर ११६११७, जिवावरचं असेल तरच ११२.

अशोका मार्ग, सध्या श्टुटगार्ट

फिरण्याबद्दल. डॉइचलँडटिकिट, म्हणजे महिन्याचा देशभरचा पास, मे २०२३ मध्ये ४९ युरोने सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ आहे. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस त्यात येतात. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही चालतं. वर्गणी दर महिन्याला आपोआप पुढे जाते, बंद करायची तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत. सहा वर्षांखालचं मूल फुकट.

लांबच्या गाडीला १४ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण सहा वर्षांपुढच्यांची नोंद तिकीट काढतानाच करावी लागते. स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं. मुक्कामी २० मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. तासभर उशीर झाला तर तिकिटाचे पाव हिस्सा, दोन तासांना निम्मे पैसे परत मागता येतात.

निवास कार्डावर बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. कार्डाबरोबर पासपोर्टही जवळ ठेवा, मुलांचेसुद्धा. लंडन आणि डब्लिनला वेगळा व्हिसा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपीय संघात नाही: फुकट रोमिंगचा नियम तिथे लागू नाही, आणि गाडीने महामार्गावर जायचं तर ४० फ्रँकचं विनियेट, म्हणजे टोलचा पास.

गाडीवरून आठवलं, भारतातला परवाना राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा, शिवाय प्रथमोपचार वर्ग आणि डोळ्यांची तपासणी. पाचव्या महिन्यात जागं होऊन उपयोग नाही.

इंदिरानगर, सध्या श्टुटगार्ट

एक राहिलं. दारावर 'केहरवोखे'ची पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. बर्फ पडला तर समोरचा फुटपाथही. काम झालं की पाटी शेजाऱ्यांच्या दाराला अडकवायची.