कॉलेजचा वार्षिक अहवाल हातात आलाय, पण तो वाचायचा कसा?

ऐरोलीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी झाली, सीईटी बरी गेलीये, आता कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात रोज तोच विषय. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हवंय. आम्ही ट्रान्सहार्बर लोकलवरचीच कॉलेजं बघतोय, ठाण्यापासून वाशी-नेरूळपर्यंत, कारण लांबचा प्रवास तिला झेपत नाही.

परवा एका कॉलेजला चौकशीला गेलो होतो, नाव लिहीत नाही. माणसं छान बोलली, निघताना गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल हातात दिला. चांगला जाड, गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर नवीन सात मजली इमारत, मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची ग्रेड, मग विक्रमी प्लेसमेंट, मग पेटंट, सामंजस्य करार, हॅकेथॉन जिंकलेली मुलं, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तिघांनी मिळून अख्खा वाचला आणि शेवटी मिस्टर म्हणाले, सगळं छानच आहे गं, पण आपल्या पोरीला तिथे शिकवणार कोण, ते यात कुठे लिहिलंय?

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. मी स्वतः बीकॉम, आमच्या वेळी फक्त कट ऑफ बघायचा आणि घराजवळचं कॉलेज घ्यायचं. आता चार वर्षांची फी, त्यातली बरीच कर्ज काढून. या अहवालातलं काय धरायचं आणि काय सोडायचं, कोणी जाणकार सांगेल का प्लीज?

---

खडू_डस्टर

ताई, तुमच्या मिस्टरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी ठाण्यात एका कॉलेजमध्ये शिकवत होतो आणि बरीच वर्षं आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं, काम माझ्याकडे होतं, म्हणजे असे अहवाल मी रात्री जागून बनवलेत. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे तुमच्या हातात आहे तो छापील अहवाल, तो पालकांसाठी आणि पाहुण्यांसाठी असतो. दुसरा एक अहवाल असतो जो नॅक मिळालेल्या कॉलेजला दरवर्षी नॅकला पाठवावा लागतो, त्याला एक्यूएआर म्हणतात. तो दिसायला एकदम रुक्ष, नुसते तक्ते आणि आकडे, पण खरी माहिती त्यात असते. कॉलेजच्या वेबसाइटवर आयक्यूएसी नावाचा टॅब असतो, तिथे वर्षवार पीडीएफ ठेवलेल्या असतात. तिथे गेल्या तीन वर्षांच्या फाइली उघडा आणि शेजारी शेजारी ठेवा. एका वर्षाचा अहवाल वाचून काही कळत नाही, हे मी स्वतः ते लिहून लिहून शिकलोय. कुठलंही कॉलेज एका वर्षात चांगलंच दिसतं.

आता बघायचं काय. संलग्न कॉलेजसाठी नॅकची आतापर्यंत जी पद्धत होती त्यात एकूण १००० गुण आणि सात निकष. त्यात इमारत, लॅब, लायब्ररी, कॉम्प्युटर या सगळ्याला मिळून १०० गुण. आणि शिकवणं, शिकणं, मूल्यमापन या एकाच निकषाला ३५०. म्हणजे तुमच्या अहवालाचं पहिलं पान ज्या गोष्टीला दिलंय तिला नॅक स्वतः दहावा हिस्सा देतं. तुम्ही सरळ दुसऱ्या, म्हणजे या शिकवण्याच्याच निकषावर जा. तिथे एकूण विद्यार्थी किती, पूर्णवेळ शिक्षक किती, त्यातले पीएचडी किती हे सगळं मिळेल. आणि एक ओळ असते जी कोणी वाचत नाही, पूर्णवेळ शिक्षकांचा याच संस्थेतला अनुभव किती वर्षांचा. मी तर म्हणेन आधी तीच वाचा. तो आकडा वर्षागणिक खाली येत असेल तर जुने शिक्षक सोडून चाललेत, मग वर कितीही मजले चढू देत.

तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद म्हणजे एआयसीटीई, तिचा नियम डिग्री इंजिनीअरिंगला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. समजा एका ब्रँचला १८० जागा, चार वर्षांचे ७२० विद्यार्थी, म्हणजे ३६ शिक्षक हवेत. एवढा भागाकार आपण कागदावर करू शकतो.

ग्रेडबद्दल थोडं. ४ पैकी ३.५१ च्या पुढे ए प्लस प्लस, ३.२६ ते ३.५० ए प्लस, ३.०१ ते ३.२५ ए. ग्रेड पाच वर्षांसाठी असते, त्यामुळे अहवालात नुसतं ए प्लस लिहिलं असेल तर कुठल्या वर्षी मिळाली ते शोधा. आणि नॅक पूर्ण कॉलेजला असतं, ब्रँचला नाही. ब्रँचसाठी एनबीए ही वेगळी मान्यता असते, मेकॅनिकलला एनबीए आहे म्हणून कॉम्प्युटरला असेलच असं नाही. ते नेमकं विचारा.

हे सगळं वाचून अहवाल म्हणजे देखावा असं मात्र समजू नका. त्यात राबणारी माणसं असतात. नॅकला फोटो द्यायचा तर त्यावर अक्षांश-रेखांश आणि तारीख लागते, त्यासाठी भर पावसात एका हातात छत्री, एका हातात मोबाइल धरून वृक्षारोपणाचे फोटो काढणारे आमचे प्रयोगशाळा सहायक मला अजून दिसतात. लोकेशन येईपर्यंत रोप हातात धरून सगळे उभे. ती झाडं आज दोन मजले उंच झालीत, मी मुद्दाम बघून आलो.

---

कळव्याचा_पोरगा

काकू, मी सध्या थर्ड इयरला आहे, नवी मुंबईतच, कॉलेज सांगत नाही. सर बोलले ते सगळं बरोबर, मी फक्त आतून कसं दिसतं ते सांगतो.

आम्ही फर्स्ट इयरला आलो तेव्हा आमच्याकडे पण नवीन बिल्डिंग झाली होती, लय भारी वाटलं होतं. पण त्याच वर्षी कॉम्प्युटरची एक डिव्हिजन वाढवली आणि एआयवाली नवीन ब्रँच पण सुरू केली. एआयसीटीईने २०२४ पासून चांगल्या कॉलेजांना जागांची वरची मर्यादा काढून टाकलीये, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी असंच चाललंय, सिव्हिल मेकॅनिकल कमी, कॉम्प्युटर दुप्पट. तर झालं असं की नवीन लॅब आली पण बॅच पण वाढल्या, आम्ही अजून पण एका पीसीवर दोघं बसतो आणि प्रॅक्टिकलला सरांना तीन लॅबमध्ये फिरावं लागतं, ते आमच्या टेबलापर्यंत येतात तेव्हा बेल होते. सर खूप चांगले आहेत, त्यांची चूक नाहीये. म्हणून वाढ झाली असं कुठे वाचलं की बिल्डिंगबरोबर मुलं किती वाढली आणि सर-मॅडम किती वाढले हे दोन्ही बघा.

प्लेसमेंटचं पण सांगतो. शंभर टक्के लिहितात तेव्हा ते शंभर टक्के कोणाचे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी प्लेसमेंट सेलला नाव नोंदवलेली, केटी म्हणजे राहिलेला विषय नसलेली, साठ टक्क्यांच्या वरची पोरं तेवढीच धरतात. आणि एका पोराला तीन ऑफर आल्या तर ऑफर तीन मोजतात, जॉइन तर तो एकाच ठिकाणी होणार ना. हायेस्ट पॅकेज बघूच नका, तो एकच मुलगा असतो आणि तो कुठेही असता तरी त्याला मिळालंच असतं.

पेटंटचं पण तसंच आहे. पब्लिश झालं म्हणजे अर्ज प्रसिद्ध झाला, मिळालं नाही. ग्रँट किती झाले ते वेगळं बघा.

---

ऐरोलीची_आई

खडू डस्टर सर, खूप खूप आभार, हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. आणि बाळा तुझे पण, परीक्षा जवळ आलेली असेल तरी एवढं टाइप केलंस. प्लेसमेंटचा खरा आकडा मग मिळतो कुठे?

---

खडू_डस्टर

कॉलेज एनआयआरएफला, म्हणजे सरकारच्या कॉलेज रँकिंगला, भाग घेत असेल तर त्यांनी भरलेली माहिती त्यांच्याच वेबसाइटवर ठेवावी लागते. एनआयआरएफ नावाचा टॅब किंवा खाली कोपऱ्यात लिंक असते. त्यात त्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मीडियन पगार किती, असं ओळीने असतं. मीडियन म्हणजे सगळ्यांचे पगार लहान ते मोठे लावले तर बरोबर मधला. तुमच्या मुलीसाठी तोच आकडा जवळचा. रँक नाही आली तरी ही फाइल असते, रँक बघू नका, फाइल बघा.

---

खारघर_बांधकामवाला

मी बांधकामात आहे, माझा मुलगा आता सेकंड इयरला, तर दोन गोष्टी. नवीन इमारत दाखवत असतील तर तिला ओसी म्हणजे वापराचा दाखला मिळालाय का आणि फायर एनओसी आहे का विचारायला लाजू नका. नवी मुंबईत कॉलेजांना सिडकोने प्लॉट दिलेत, ते काही एकरात पसरायला नाहीत, त्यामुळे वाढायचं तर वरच वाढतात. सात मजले आणि लिफ्ट दोन, तर नऊच्या लेक्चरला जिन्यात काय गर्दी होते ते सकाळी जाऊन बघा. दुपारी बोलावतात तेव्हा सगळं शांत असतं.

दुसरं फी. फी कॉलेज स्वतः ठरवत नाही, शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या साइटवर प्रत्येक कॉलेजची मंजूर फी वर्षाप्रमाणे असते. तीन वर्षांची बघा म्हणजे चढ कळेल. त्यापेक्षा वेगळं काही मागितलं तर पावती मागा. आणि ताई, मुलीसाठी एक फार महत्त्वाचं, ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. ॲडमिशन कॅपमधून हवी, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका, तहसीलला या दिवसांत रांग असते.

---

जुनी_वाशी

सगळे इमारतीला दुय्यम म्हणतायत म्हणून लिहावंसं वाटलं. मी रबाळ्यात वाढले. दहा बाय बाराची खोली, आम्ही पाच जण, वडील नाइट शिफ्ट करून आले की दिवसा झोपायचे, मग आवाज करायचा नाही, लाइट लावायची नाही. मी इंजिनीअर झाले ती कॉलेजच्या रीडिंग हॉलमुळे. तो हॉल आधी नव्हता, मी सेकंड इयरला असताना नवीन विंग झाली त्यात आला. लांब लाकडी टेबलं, डोक्यावर पंखे, खिडकीतून खाडीचा वारा यायचा आणि परीक्षेच्या महिन्यात रात्री आठपर्यंत उघडा. लायब्ररीतल्या मावशी बंद करायच्या आधी दहा मिनिटं माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगायच्या, आवर गं, शेवटची ट्रेन नाही पण शेवटची रिक्षा जाईल. त्या वर्षीच्या अहवालात या सगळ्याची एकच ओळ होती, वाचन कक्षाची आसनक्षमता वाढवली. माझ्यासाठी ती ओळ म्हणजे सगळं आयुष्य आहे.

तेव्हा ताई, इमारत जरूर बघा, पण आत काय आहे ते बघा. रीडिंग हॉल किती वाजेपर्यंत उघडा, मुलींची कॉमन रूम कुठल्या मजल्यावर, टॉयलेटमध्ये पाणी आहे का, दाराला कडी आहे का. नाटक वाटेल, पण चार वर्षं पोरगी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिथेच असणार आहे. मी पहिलं वर्षभर कॉलेजमध्ये पाणी प्यायचे नाही, कारण काय ते तुम्हाला कळेल.

---

कळव्याचा_पोरगा

ताई हे एकदम खरंय, आमच्याकडे रीडिंग हॉल पाचला बंद होतो आणि आम्ही पोरं मग स्टेशनच्या बाकड्यावर बसून सबमिशन लिहितो. मी हे आधी लिहायला हवं होतं.

---

ऐरोलीची_आई

मंडळी, आठवड्याने परत लिहितेय. तुमच्या सगळ्यांचं ऐकून मी आणि लेक सोमवारी सकाळी साडेआठलाच तिथे गेलो, न कळवता.

आधी घरी तीन वर्षांचे एक्यूएआर काढले होते, मिस्टरांनी सुट्टीच्या दिवशी बसून वहीत तीन रकाने आखले. विद्यार्थी दरवर्षी वाढलेत, शिक्षक पहिली दोन वर्षं तेवढेच, तिसऱ्या वर्षी मात्र बरेच नवीन घेतलेत. आणि त्यामुळे सर म्हणाले तो अनुभवाचा आकडा खाली आलाय. म्हणजे जुने गेले म्हणून की नवीन आले म्हणून, हे कळेना. मग तिथे ऑफिसमध्ये सरळ विचारलं. समोरच्या मॅडम आधी थबकल्या, मग त्यांनी आत जाऊन विभागप्रमुखांनाच बाहेर आणलं. त्यांनी उभ्या उभ्या नावं वाचून दाखवली, कोण किती वर्षं आहे, दोघं सोडून गेले ते कोण, नवीन कोण. कॉम्प्युटरला एनबीए अजून नाही, अर्ज करणार आहोत असं स्वतःहून बोलले. मला ते आवडलं खरं सांगू का, लपवलं काही नाही.

लायब्ररीच्या दाराशी एक रजिस्टर असतं, येणाऱ्याने नाव आणि वेळ लिहायची. लेकीने तेच उघडलं. आदल्या शुक्रवारची पानंच्या पानं भरलेली, शेवटची नोंद संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांची, निळ्या पेनाने, एका मुलीची. लेक बराच वेळ त्या पानाकडे बघत होती. लिफ्टला रांग होती, जिन्याने पाचव्या मजल्यावर गेलो, लॅबमध्ये एका पीसीवर एकच मुलगा बसलेला, पण ती सकाळची पहिली बॅच, दुपारी काय असतं ते आमच्यासमोर नाही दिसलं. कॉमन रूम दुसऱ्या मजल्यावर, पाणी होतं, कडी पण होती, जुनी वाशी ताई, तुमची आठवण काढली.

एनआयआरएफची फाइल पण मिळाली. मीडियन पगार अहवालातल्या मोठ्या आकड्याच्या जवळपास पण नाहीये, पण वेळेत पास होणाऱ्यांचं प्रमाण तीन वर्षं चढतंय. मिस्टर म्हणाले हे मला पुरे.

उत्पन्नाच्या दाखल्याला टाकलंय. ऑप्शन फॉर्मवर हे कॉलेज दुसऱ्या नंबरला ठेवायचं ठरतंय. पहिल्या नंबरला एनबीए असलेलं एक आहे पण ते नेरूळला, लोकलला गर्दीच्या वेळी उभं राहून जावं लागेल. पहिला ऑप्शन लागला की सीट आपोआप फ्रीझ होते, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही, म्हणून लेक अजून अडून बसलीये, तिचं म्हणणं हेच पहिलं ठेवूया. शुक्रवारी फॉर्म लॉक करायचाय. नेरूळला सकाळी आठची गाडी पकडून रोज जाणाऱ्या कोणाची मुलगी असेल तर कसं जमतं ते जरा सांगा ना.