कमी खर्चातले, सोबत नेता येणारे ड्राय हर्ब व्हेपोरायझर: निवड आणि वापर

प्रश्न: रानवाट

लॅव्हेंडर, कॅमोमाइल आणि पुदिना अशा वाळवलेल्या वनस्पतींसाठी खिशात मावेल असे एक व्हेपोरायझर, म्हणजे वनस्पती न जाळता तापवून तिची वाफ ओढण्याचे उपकरण, घेण्याचा माझा विचार आहे. खर्च शक्य तितका कमी ठेवायचा आहे. पण पैसे वाचवण्याच्या नादात तापलेल्या प्लास्टिकची वाफ छातीत जाणार असेल, तर ते उपकरण फुकट मिळाले तरी मला नको. प्रत्येक उत्पादक ‘आमचे उपकरण जाळत नाही, फक्त तापवते’ असे सांगतो. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांपैकी मात्र काहींना करपट चव लागते आणि काहींना वाफच मिळत नाही. कंडक्शन आणि कन्व्हेक्शन यांतला फरक स्वस्त उपकरणांत खरोखर जाणवतो का? तडजोड कुठे चालेल आणि कुठे मुळीच चालणार नाही, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: मंद आच

फरक जाणवतो, आणि स्वस्त उपकरणांत तर तो अधिकच जाणवतो. कंडक्शन पद्धतीत चेंबरची, म्हणजे वनस्पती भरण्याच्या कप्प्याची, भिंत तापते आणि तिला टेकलेल्या वनस्पतीला उष्णता मिळते. कन्व्हेक्शनमध्ये हवा आधी तापते आणि ती गरम हवा वनस्पतीमधून वाहत जाते. ओले कापड इस्त्रीने वाळवणे आणि गरम वाऱ्यावर वाळवणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. कंडक्शनमध्ये भिंतीलगतचा थर आधी भाजून निघतो आणि मधला भाग हिरवाच राहतो, त्यामुळे मधूनमधून ढवळावे लागते. शिवाय आपण झुरका घेत नसतानाही चेंबर तापतच असते, म्हणून सुगंधी द्रव्यांचा बराच भाग हवेत उडून जातो. कन्व्हेक्शनमध्ये मुख्यतः झुरका घेतानाच उष्णता पोहोचते, त्यामुळे चव स्वच्छ राहते आणि थोड्या वनस्पतीत काम भागते. मात्र वाहती हवा क्षणात तापवण्यासाठी हीटरला अधिक शक्ती लागते आणि बॅटरी लवकर उतरते.

करपट चवीचे कारण तापमानात शोधावे. निलगिरीच्या पानांतील युकॅलिप्टॉल या सुगंधी द्रव्याचा उत्कलनबिंदू सुमारे 176 अंश सेल्सिअस, लॅव्हेंडरमधील लिनालूलचा सुमारे 198 आणि पुदिन्यातील मेंथॉलचा सुमारे 212 आहे. ही द्रव्ये उत्कलनबिंदूच्या खालीही हळूहळू वाफ होऊन निघत असतात, म्हणून आकडा गाठलाच पाहिजे असे नाही. पानाचा तंतुमय भाग साधारण 230 अंशांच्या पुढे झपाट्याने करपू लागतो. म्हणजे कामाचा पट्टा अरुंद आहे, आणि म्हणूनच तीनच ठराविक तापमाने रंगीत दिव्यांनी दाखवणाऱ्या उपकरणापेक्षा अंशाअंशाने तापमान ठरवता येणारे उपकरण घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. पडद्यावरचा आकडा मात्र बहुधा हीटरजवळच्या सेन्सरचा असतो, वनस्पतीचा नव्हे. खरी साक्ष उरलेल्या चोथ्याची असते: तो सर्वत्र सारखा तपकिरी असेल तर तापमान योग्य आहे, एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला हिरवा असेल तर उष्णता असमान आहे, आणि राख दिसली तर वनस्पती जळली आहे.

उत्तर: सुटा सेल

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. पण पैसे मोजके असतील तेव्हा मी सर्वांत आधी बॅटरी पाहतो. आत कायमची बसवलेली बॅटरी थकली की संपूर्ण उपकरण टाकून द्यावे लागते. 18650 या सर्वत्र मिळणाऱ्या आकाराचा, म्हणजे 18 मिलिमीटर व्यासाचा आणि 65 मिलिमीटर लांबीचा, काढता येणारा सेल असेल तर तोच तेवढा बदलून उपकरण पुढे वापरता येते. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारणपणे 2500 ते 3500 एमएएच असते. ज्यावर 6000 किंवा 9900 छापलेले असेल, तो सेल घेऊच नये, कारण ज्याचे लेबल खोटे आहे त्याच्या सुरक्षिततेवर विश्वास ठेवता येत नाही. सेलचे वेष्टण फाटले असेल तर तो वापरू नये, आणि सुटा सेल किल्ल्या किंवा नाण्यांसोबत खिशात कधीही ठेवू नये. शॉर्ट सर्किट होऊन तो पेट घेऊ शकतो. प्लास्टिकची छोटी डबी त्यासाठी पुरते. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल चेक-इन सामानात चालत नाहीत, ते जवळच्या बॅगेत न्यावे लागतात.

ज्याबाबत तडजोड करू नये ती गोष्ट म्हणजे हवेचा मार्ग. हवा जिथून आत येते तिथून ओठांपर्यंतच्या वाटेत सर्किट, सोल्डर, गोंद किंवा साधे प्लास्टिक नसावे. काच, सिरॅमिक आणि स्टेनलेस स्टील हे पदार्थ योग्य. नवे उपकरण आणल्यावर चेंबर रिकामे ठेवून ते कमाल तापमानावर काही वेळा चालवावे, पण त्या वेळी झुरका घेऊ नये. निर्मितीच्या वेळी राहिलेल्या तेलाचा वास त्यात निघून जातो. त्यानंतरही प्लास्टिकचा वास येत राहिला तर उपकरण परत करावे. रंगीत पडदा, मोबाइल अ‍ॅप, कंपन, चकचकीत बाह्यरूप यांवर खुशाल पाणी सोडावे.

बॅटरीच नको असेल तर डायनाव्हॅपसारखा पर्याय आहे. त्याच्या धातूच्या टोपीला ब्यूटेनच्या ज्योतीने बाहेरून तापवतात आणि टोपीतील द्विधातू चकती योग्य तापमानाला ‘टक्’ असा आवाज करते. इलेक्ट्रॉनिक भाग नसल्याने बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही; परंतु आवाजानंतरही ज्योत धरून ठेवली तर वनस्पती जळते, आणि उघडी ज्योत सर्वत्र वापरता येत नाही.

उत्तर: श्वासभान

उपकरणाइतकेच लक्ष आत काय घालतो याकडे द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जाळण्यापासून तयार होणारे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तापवण्याच्या पद्धतीत खूपच कमी असतात, हे खरे; पण त्यावरून वाफ निर्धोक आहे असे ठरत नाही. दमा असलेल्यांना तीव्र सुगंधाने धाप लागू शकते. कॅमोमाइल हे झेंडू-शेवंतीच्या कुळातले फूल आहे, त्यामुळे त्या कुळाच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी ते टाळावे. श्वसनाचा विकार किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

सजावटीसाठी विकली जाणारी सुगंधी फुले वापरू नयेत, कारण त्यांवर कृत्रिम अत्तर मारलेले असू शकते. बुरशीचा किंचितही वास असलेला माल टाकून द्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चेंबरमध्ये कोणतेही तेल घालू नये, ‘नैसर्गिक’ सुगंधी तेलही नाही. 2019 साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसाच्या गंभीर आजाराची जी साथ उसळली, तिचा मुख्य संबंध गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी आढळला. ती उपकरणे वेगळी होती, तरी तेलकट पदार्थ फुप्फुसात जाऊ नयेत हा धडा इथेही लागू पडतो. हीच उपकरणे अनेकजण गांजासाठीही वापरतात, त्यामुळे कित्येक ठिकाणी उपकरणालाच कायद्याचे निर्बंध आहेत; विकत घेण्यापूर्वी आपल्या ठिकाणचा कायदा पाहावा. आणि खोलीत सुगंध दरवळावा एवढाच हेतू असेल, तर साधा डिफ्यूझर पुरेसा आहे. त्यासाठी झुरके घेण्याची गरज नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर: रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. दम्याचा त्रास नाही, कायद्याची चौकशी आधी करीन. काढता येणारा सेल आणि काचेचा माउथपीस असलेले कन्व्हेक्शन उपकरण घ्यावे, या निष्कर्षाला मी आलो आहे. वनस्पती किती बारीक करावी, झुरका कसा घ्यावा आणि स्वच्छता कशी ठेवावी, एवढे सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: मंद आच

कन्व्हेक्शनसाठी मध्यम जाडसर चुरा ठेवावा. पीठ केले तर ते जाळीत अडकते आणि हवा कोंडते. वनस्पती पूर्ण वाळलेली असावी, कारण ओलसर असेल तर पहिले काही झुरके निव्वळ पाण्याच्या वाफेचे आणि घशाला चटका देणारे येतात. चेंबर सैल भरावे, दाबू नये. (कंडक्शन उपकरणात मात्र हलके दाबणे फायद्याचे असते, कारण तिथे भिंतीशी स्पर्श हवा.)

तापल्याचा इशारा मिळाल्यावरही आणखी दहा-पंधरा सेकंद थांबावे, म्हणजे उष्णता आतपर्यंत पोहोचते. झुरका सावकाश आणि एकसारखा, आठ-दहा सेकंदांचा असावा. जोराने ओढले की थंड हवा हीटरचे तापमान खाली आणते, आणि ‘वाफच मिळत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. सुरुवात 175 अंशांच्या आसपास करून पाच-दहा अंशांनी वर जावे. लॅव्हेंडर किंवा कॅमोमाइलची वाफ मुळातच विरळ असते. दाट ढग दिसावा म्हणून तापमान वाढवत नेले की करपट चव आलीच. सुगंध ओसरून भाजकट चव लागू लागली की तो भरणा संपला असे समजावे.

चेंबर कोमट असतानाच चोथा काढून ब्रश फिरवावा. थंड झाल्यावर तो चिकटून बसतो. काच आणि स्टीलचे सुटे भाग 90 टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून नंतर पाण्याने धुवावेत. चेंबरच्या आत फक्त कापसाच्या काडीवर थोडेसे अल्कोहोल घेऊन पुसावे, उपकरण त्यात बुडवू नये. सिलिकॉनच्या रिंगा आणि प्लास्टिकचे भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुतलेले बरे. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्यामुळे ते पूर्ण उडून गेल्याची खात्री होईपर्यंत उपकरण चालू करू नये.

उत्तर: सुटा सेल

एक पुरवणी जोडतो. उपकरणासोबत जाळ्यांचा सुटा संच मागवून ठेवावा. झुरका ओढायला जड जाऊ लागला, तर बहुतेक वेळा दोष हीटरचा नसून चिकट्याने भरलेल्या जाळीचा असतो, आणि ती बदलायला एक मिनिटही लागत नाही.