स्टॉर्ममध्ये कुत्रीला शू-शीला बाहेर कसं न्यायचं? पहिलाच विंटर आहे, प्लीज मदत करा

गवतीचहा:
नमस्कार, आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला हॅम्बर्गमध्ये राहतो. आमची ठमी पुण्याची, सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली देशी कुत्री, सहा वर्षांची, 17 किलो, अंगावरचे केस अगदी आखूड. जूनमध्ये तिला इकडे आणली, ऑक्टोबरपर्यंत सगळं मस्त चाललं होतं, रोज दोन वेळा फिरणं आणि पानांमध्ये लोळणं. काल दुपारपासून लेक इफेक्ट (तलावावरून येणारा बर्फ) सुरू झालाय आणि आत्ता सकाळचे 11 वाजलेत, तिने काल संध्याकाळी 5 नंतर शू केलेली नाहीये!! दाराशी जाते, मी दार उघडते, नाक बाहेर काढते, वारा लागला की कान पाडून परत आत. पहाटे नवरा तिला घेऊन गेला तर बर्फ तिच्या पोटाला लागत होता, दहा पावलं गेली, आधी उजवा पाय वर धरला, मग डावा, आणि मग तिथेच बसून त्याच्याकडे बघत राहिली. उचलून आणावं लागलं. आत आल्यावर बघितलं तर बोटांच्या मध्ये हरभऱ्याएवढे बर्फाचे गोळे अडकलेले आणि ती ते चावून काढत होती. बूट घातले तर हलतच नाही. घरात शूसाठीचा पॅड टाकून बघितला पण घरात करायचं नाही हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की पॅडवर जाऊन झोपली. शाळा बंद, दोन्ही मुलं घरात, तीही सारखी तिच्याभोवती. हिला इकडे आणून आपण चूक तर नाही ना केली असं सकाळपासून वाटतंय. किती वेळ रोखून धरू शकतात? काय करू?

अॅम्हर्स्टकर:
आधी शांत व्हा, चूक वगैरे काही केली नाहीत. चांगली धडधाकट मोठी कुत्री एवढा वेळ धरू शकते, पण 24 तास व्हायला आले किंवा ती जोर करतेय आणि होत नाहीये असं दिसलं तर व्हेटला लगेच फोन करा, थांबू नका.

आता फिरवायचं डोक्यातून काढून टाका. स्टॉर्ममध्ये वॉक नसतो, फक्त कार्यक्रम उरकून आत. तिला बर्फ नकोय, तिला जमीन हवीये. आयुष्यभर माती नाहीतर गवत हुंगून केलंय तिने, या पांढऱ्यात तिला वासच लागत नाहीये. घराच्या ज्या बाजूला वारा कमी लागतो तिथे भिंतीला धरून साधारण सहा बाय आठ फुटांचा तुकडा खणा, अगदी गवत दिसेपर्यंत, वरवर नको. काढलेला बर्फ वाऱ्याच्या बाजूला रचा म्हणजे आडोसा होतो. दारापासून तिथपर्यंत फावड्याच्या रुंदीची वाट. आणि घरात कढीपत्त्याची कुंडी असेलच ना (विंटरला सगळ्यांच्या आत आलेल्या असतात), त्यातली दोन मुठी माती त्या गवतावर टाका. 2022 च्या डिसेंबरच्या ब्लिझर्डमध्ये, गाड्या चालवायलाच बंदी होती तेव्हा, आम्ही गॅरेजमध्ये जुन्या ट्रेमध्ये कुंडीतली माती पसरून दिली होती आणि आमच्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरने चार दिवस तिथेच केलं.

दुसरं म्हणजे रडार बघत राहा. एरी लेकचं पाणी अजून उबदार आहे, त्यावरून थंड वारा लेकच्या लांबीभर वाहत येतो आणि तो बर्फ एका पट्ट्यात पडतो, तुमच्याकडे धो धो पडत असताना आमच्याकडे कधीकधी ऊन असतं. तो बँड वर-खाली सरकतो, मध्ये अर्धा-पाऊण तासाची फट मिळते, तेव्हाच बाहेर काढा. आणि आपलं स्वतःचं अंगण असलं तरी पट्टा लावूनच, कुंपणाला बर्फ चढला की चार फुटांचं कुंपण एक फुटाचं होतं, घाबरलेली कुत्री सहज ओलांडून जाते.

मावशी_मिनेसोटा:
वरचं सगळं बरोबर. मी पायांचं सांगते, कारण आमच्याकडे 11 वर्षं हेच चाललंय. ते गोळे ओढून काढू नकोस गं, केस आणि कातडी दोन्ही ओढली जातात. पसरट भांड्यात कोमट पाणी, कोमट म्हणजे आपल्या मनगटाला लागेल न लागेल इतपत, त्यात एकेक पाय मिनिटभर धर, आपोआप सुटतात, मग बोटांच्या मधून नीट कोरडं कर. बोटांमधले केस कापून टाक. बाहेर जायच्या आधी पंजांना मेण लाव, कुत्र्यांसाठीचं मिळतं, आत्ता नसेल तर व्हॅसलीनचा पातळ हात चालेल, आत आली की पुसायचं म्हणजे चाटणार नाही.

मीठ फार बघ. साधं मीठ पंजांना झोंबतं, आणि कॅल्शियम क्लोराइडवालं तर ओलं झालं की गरम होतं, त्याने चटके बसतात. तिच्या वाटेवर काहीच टाकू नकोस, वाळू टाक. रस्त्यावरून आली तर पाय धुतल्याशिवाय चाटू द्यायचे नाहीत. गॅरेजमध्ये अँटीफ्रीझ सांडलेलं नाही ना तेही बघ, गोड लागतं म्हणून चाटतात आणि थोडंसंसुद्धा जिवावर बेततं.

बूट आत्ता राहू देत, स्टॉर्म गेल्यावर घरात रोज पाच मिनिटं घालून खाऊ देत देत सवय लाव. फुग्यासारखे पातळ रबरी असतात ते घे, त्यातून पायाला जमीन कळते. कानांना मात्र आजच काहीतरी घाल, देशी कुत्र्यांचे कान उभे आणि पातळ, टोकं आधी गारठतात. जुन्या स्वेटरची बाही कापून डोक्यावरून चढव.

अॅम्हर्स्टकर:
एक राहिलं, फावडं घेऊन बाहेर जातच आहात तर फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) पाईप भिंतीतून जिथे बाहेर येतो तिथला बर्फही काढा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात साठू शकतो, मुलं आहेत घरात.

गवतीचहा:
झालं!!! थँक यू, थँक यू!! तासभर खणलं दोघांनी, गॅरेजच्या मागे, गवत पिवळं पडलंय पण गवत आहे. कढीपत्त्याच्या कुंडीतली माती टाकली. सव्वाला वारा जरा पडला तशी मुलाच्या स्वेटरची बाही डोक्यावर चढवून तिला नेलं, तिने नाक थेट मातीत घातलं, हुंगून हुंगून तीन गिरक्या घेतल्या आणि बसली, इतका वेळ बसली की मला रडूच आलं. मग दोन मिनिटांत शी पण. मावशी, पाय कोमट पाण्यात धरू दिले, फक्त मागचा डावा ओढून घेत होती, तिथे थोडं लाल दिसतंय, संध्याकाळपर्यंत कमी नाही झालं तर व्हेटला फोन करते.

आणि अॅम्हर्स्टकर, फर्नेसच्या पाईपखाली बर्फ जेमतेम तीन बोटं खाली होता, आम्हाला तो पाईप कुठे आहे हेच आज कळलं. आता तिथे दर दोन तासांनी फेरी.

ठमीने मऊ भात-दही खाल्लं, हीटच्या जाळीवर पाठ टेकून झोपलीये, धाकटी तिच्या पोटावर डोकं ठेवून. बँड चारनंतर परत आमच्यावर येतोय असं दिसतंय, त्याआधी तो तुकडा एकदा साफ करून वर जुनी ताडपत्री टाकून येते.