नाशिकचा एक रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचाय. कुठून सुरुवात करू?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. नाशकातच वाढले, पण गेली कित्येक वर्षं घर, शाळा, ऑफिस एवढ्याच रस्त्यांवरून स्कूटर फिरतेय. गाव विचाराल तर मला फक्त सिग्नल आठवतात. आता दर रविवारी बाबांना घेऊन एकच रस्ता धरायचा आणि तो संपेपर्यंत चालायचं ठरवलंय. बाबा ६८ वर्षांचे. डावा गुडघा उतारावर कुरकुरतो, सपाटीला काही अडचण नाही. वेळ साडेसहा ते नऊ. चहा-नाश्ता आणि परतीची बस मिळून दोघांचे २०० रुपये. डोंगर, ट्रेक नकोय. पहिला रस्ता कुठला घेऊ?

तांबटआळी
जुनं नाशिक. दुसरा विचारच करू नका. मेनरोडला लागा, दहीपूल, सराफ बाजार करत सरकारवाड्यापर्यंत जा. आणि पाट्यांच्या वर बघत चाला. खाली फ्लेक्स अन् शटर, पण वरच्या मजल्यावर सागवानी तुळया, कोरीव कठडे, अर्धी निखळलेली खिडकी आणि त्यात पारव्यांचा संसार. सातला दुकानं बंद असतात म्हणून हे दिसतं. दहाला हातगाड्या लागल्या की मान वर करायची सोय नाही. तिवंधा चौकातून जाल तेव्हा पायाखाली पेशवेकालीन रहाड, म्हणजे जमिनीतला मोठा हौद असतो, वर्षभर बुजवलेला. रंगपंचमीला रहाड उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. एरवी गाड्या तिच्यावरूनच जातात आणि नव्या माणसाला पत्ता नसतो.

सोमेश्वर_रनर
गंगापूर रोड. अशोक स्तंभावरून निघायचं, जेहान सर्कल, आनंदवली, थेट सोमेश्वर. मी दर रविवारी पळत जातो आणि पळतच परत येतो, पाच वर्षांत एक रविवार चुकलेला नाही. आधी काकांना चांगले बूट घ्या. माझे साडेसहा हजारांचे आहेत. त्याखालचे घेऊच नका, गुडघ्याचा प्रश्न आहे.

इंदिरानगरकर
दादा, बूट आहेत. २०० रुपये नाश्ता आणि बसचे म्हटलं होतं.

पंचवटीकर
रविवार कारंजावरून निघा, सुंदरनारायणाचं दर्शन घ्या आणि होळकर पुलावरून पंचवटी कारंजापर्यंत या. पूल १८९५ सालचा, आमची आजी शेवटपर्यंत व्हिक्टोरिया पूलच म्हणायची. मध्यावर थांबून रामकुंडाकडे बघा. घाटावर दुतोंड्या मारुती आहे. पावसाळ्यात आम्ही पूर त्याच्यावरूनच मोजतो, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. २०१९ च्या ऑगस्टात तो पूर्ण बुडाला तेव्हा आमच्या गल्लीत रात्रभर कोणी झोपलं नव्हतं. पुढे काळाराम मंदिरापाशी जरा थांबा. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी सुरू केलेला सत्याग्रह याच दारांसमोर झाला.

तांबटआळी
पूर आमच्याकडेही येतो, सराफ बाजारातल्या पायऱ्या विचारा. पण पूल म्हणजे रस्ता नव्हे. ताईंनी रस्ता विचारलाय.

पंचवटीकर
ज्यावरून गाव रोज ये-जा करतं तो रस्ताच.

फेरीवाले_मामा
चालायचं तर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी. मी एकोणीस केल्यात, त्यातल्या सात अनवाणी.

कॉलेजरोडवाली
जुनं नाशिकच करा. सकाळी लवकर जा आणि पाट्यांच्या वर बघा, जुने वाडे दिसतात. मिसळ खायची असेल तर काळ्या रश्श्याचीच खा.

सोमेश्वर_रनर
लाल रश्श्यात काय वाईट आहे?

नंदिनीपार
मिसळीसाठी वेगळा धागा काढा.

ताई, माझं ऐका. मागच्या वर्षी मीही हेच सुरू केलं आणि दुसऱ्याच रविवारी उघड्या चेंबरच्या कडेवर पाय मुरगळला. सहा आठवडे घरात. फुटपाथ जिथे फुटलेला असतो तिथे बरोबर माणूस वर बघत असतो, म्हणून वर बघायचं तर उभं राहून बघा. दुसरं, लांबच्या टोकाला आधी बसने जा आणि घराकडे तोंड करून चाला. थकलं तरी दर पावलागणिक घर जवळ येतं. तिसरं, काकांना रस्त्याच्या उजव्या कडेने चालवा, समोरून येणारी गाडी दिसते.

फेरीवाले_मामा
फेरीत चेंबर नसतात.

इंदिरानगरकर
सगळ्यांचे आभार. धागा बाबांना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "द्वारका ते बिटको." म्हणजे या दोन चौकांमधला पुणे रोड! इथे कोणीही सुचवला नव्हता, आणि सुचवण्यासारखा तो नाहीही, नुसती वाहनं. पण बाबा नोटप्रेसमध्ये होते आणि तेव्हा आम्ही द्वारकेजवळ राहायचो. तीस वर्षं त्याच रस्त्याने सायकलवर गेले. रिटायर झाल्यापासून तो पायी कधीच केला नव्हता.

काल जाऊन आलो. नंदिनीपार, बस आधी नाही घेतली. बाबांना कामावर जायच्या दिशेनेच जायचं होतं. काठे गल्ली, नासर्डीचा पूल, उपनगर. पूल आला तसे ते बोलायला लागले. नोकरीची गोष्ट त्यांनी घरी कधी इतकी सांगितली नाही. उपनगरच्या अलीकडे सायकलवाल्याचं दुकान होतं, तिथे आता मोबाइल दुरुस्त करतात. दारातला लोखंडी खांब मात्र तोच. सायकली टेकून टेकून कमरेच्या उंचीवर त्याचा रंग गेलाय आणि लोखंड गुळगुळीत झालंय. बाबांनी त्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बिटकोला पोहे, दोन-दोन चहा, सिटीलिंकच्या बसने परत. २०० च्या आत. गुडघा ठीक. पुढच्या रविवारी जुनं नाशिक नक्की.

तांबटआळी
सातला रविवार कारंजावर या. रहाड नेमकी कुठे आहे ते मी काकांना दाखवतो.