मदत हवी आहे : पद्मिनीचं इंजिन जाम, पिस्टन ठोकायचा कसा?

गाडी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी. बरीच वर्षं झाकून उभी होती, आता इंजिन फिरतच नाही. काम घरच्या पार्किंगमध्ये.

स्टार्टर काढून पाहिला, अडकलेला नाही. गिअर न्यूट्रल, फॅनबेल्टही काढलाय, म्हणजे वॉटर पंपावर संशय नको. प्लगच्या भोकांतून कॅमेरा घातला: चारही पिस्टन साधारण मध्यावर, तीन नंबरच्या बोअरला (पिस्टन फिरतो त्या नळीला) गंज, बाकी स्वच्छ. सगळीकडे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन ओतलं. बाकीच्यांतलं खाली झिरपतं, तीन नंबरमधलं तसंच साचून राहतं. क्रँक पुलीच्या नटाला लांब पान्हा लावून पुढे-मागे जोर दिला, जराही हलत नाही. पाईप घालून आणखी ताकद लावायला धजत नाही.

टॉप गिअरला टाकून ढकलायचं कृपया सुचवू नका; ब्रेक नाहीत आणि पार्किंगला उतार आहे! सोसायटीत गॅसची आचही चालणार नाही. इंजिन उतरवायला चेनपुली नाही.

आता हेड उतरवून लाकडी ठोकळ्याने तीन नंबरचा पिस्टन ठोकायचा विचार आहे. त्याआधी चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) खोलून त्या पिस्टनच्या कनेक्टिंग रॉडची टोपी (रॉडला क्रँकवर धरून ठेवणारा खालचा भाग) सोडवावी, की रॉड जोडलेलाच ठेवून हळूहळू ठोकावं? आणि इंजिन जागेवर असताना पद्मिनीचा चेंबर खालून निघतो का?