अंतकाळावरच्या ख्रिस्ती कादंबऱ्या वाचनगटात घ्यायच्या आहेत, कुठून सुरुवात करावी?

कट्टेकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात पुढचे दोन महिने अंतकाळावरच्या, म्हणजे जगाच्या शेवटावरच्या, ख्रिस्ती कादंबऱ्या घ्यायचं ठरलंय. बारा-चौदा जण, पंधरवड्याला दीड तासाची एक बैठक, अशा चार बैठका. गटात कॅथलिक आहेत, सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहेत, पेन्टेकॉस्टल आहेत, दोघे-तिघे बिगरख्रिस्तीही आहेत. इंग्रजी वाचायची कुणाला अडचण नाही. विचारायचं ते हे: 'लेफ्ट बिहाइंड' ('मागे राहिलेले') मालिका कुठवर वाचावी? वेगळ्या मताच्या कादंबऱ्या कोणत्या? आणि चर्चा "तुमची मंडळी चूक, आमची बरोबर" यावर जाऊ नये म्हणून काय करावं? सतरा-अठरा वर्षांची चार मुलंही येणार आहेत, तेही लक्षात घ्या.

पानोपानी:
ताई, सगळी मालिका घेऊ नका. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांची ही मूळ मालिका १९९५ ते २००४ या काळातली, बारा पुस्तकांची. नंतर आधीच्या घटनांची तीन आणि शेवटाचं एक आलं, म्हणजे एकूण सोळा. आराखडा लाहेंचा, लेखन जेन्किन्सचं. गटासाठी पहिलं पुस्तक पूर्ण आणि दुसऱ्याची पहिली काही प्रकरणं एवढं पुरे. तिसऱ्यापासून प्रकटीकरणातल्या (बायबलचं शेवटचं पुस्तक) शिक्के, कर्णे, वाट्या अशा संकटांची मोजदाद सुरू होते. पात्रं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी धावत राहतात आणि वाचकाला बोलायला नवं काही मिळत नाही. तरीही २००१ साली अमेरिकेत सर्वात जास्त खपलेली कादंबरी या मालिकेतली नववी होती. त्यामुळे "वाईट लिहिलंय" एवढं म्हणून मोकळं होता येत नाही. लोक इतक्या ओढीने का वाचत होते, हा प्रश्न पहिल्या बैठकीतच ठेवा.

पहिल्या पुस्तकाचं बळ सुरुवातीतच आहे. शिकागोहून लंडनला निघालेलं ७४७, रात्रीची वेळ, वैमानिकाचं मन हवाई सुंदरीत गुंतलेलं, आणि अचानक कित्येक प्रवासी गायब, कारण ख्रिस्ताने विश्वासणाऱ्यांना वर घेतलेलं असतं. आसनांवर त्यांचे कपडे तसेच पडलेले. हा भाग मोठ्याने वाचून घ्या, वीसेक मिनिटं लागतील. ज्यांना मालिकेची शिकवण अजिबात पटत नाही तेही या पानांवर थबकतात.

उणीव कुठे आहे तेही सांगतो. या कथेत जगातली झाडून सगळी लहान मुलं नाहीशी होतात, पोटातली बाळंसुद्धा. आणि थोड्याच दिवसांत वार्ताहर बातम्या देऊ लागतात, विमानं उडू लागतात, संयुक्त राष्ट्रांत राजकारण सुरू होतं. एका रात्रीत पृथ्वीवर एकही मूल उरलं नाही, त्याचा आक्रोश पुस्तकभर कुठेच ऐकू येत नाही. मालिकेच्या टीकाकारांनी हे फार बारकाईने दाखवलं आहे आणि मला ते सर्वात खरं वाटतं. ही धर्मशिकवणीची चूक नाही, लेखकाने माणसं नीट पाहिली नाहीत. असा मुद्दा हाती असला की बिगरख्रिस्ती वाचकांनाही बोलायला समान जमीन मिळते.

जुना_करार:
वाद टाळायचा एक उपाय आहे. फळ्यावर तीन रकाने आखा: वचन (बायबलमध्ये लिहिलेलं), शिकवण (त्याचा लावलेला अर्थ), कादंबरीकार. वाचताना खटकलेली किंवा भिडलेली गोष्ट आधी योग्य रकान्यात टाकायची, मग बोलायचं. भांडण बहुतेक वेळा यामुळे होतं की एक जण कादंबरीकारावर बोलत असतो आणि दुसऱ्याला वाटतं हा वचनावर हात टाकतोय.

विमानातले कपडेच घ्या. पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, ४:१७ मध्ये, जिवंत उरलेले मेघांत घेतले जातील असं आहे, हे पहिल्या रकान्यात. ते अचानक होईल, जग तसंच चालू राहील आणि त्यानंतर महासंकटाची सात वर्षं लागतील, हे दुसऱ्या रकान्यात, कारण ही मांडणी धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) यांच्या शिकवणीतून पसरली. १९०९ साली स्कोफिल्ड यांचं टिपांसह बायबल निघालं आणि तिचा वेग वाढला. वचन वर आणि टीप त्याच पानावर खाली, त्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोन्ही एक होतात. आसनावर पडलेले कपडे तिसऱ्या रकान्यात, ते वचनात कुठेच नाहीत. फार तर योहानाच्या शुभवर्तमानातली (अध्याय २०) येशूच्या रिकाम्या कबरेतली तागाची वस्त्रं आठवतात, आणि मला वाटतं त्या दृश्याची ताकद नकळत तिथूनच येते.

आता "सात वर्षं" कुठून आली ते. प्रकटीकरणात सात वर्षांचा आकडा नाही. तिथे ४२ महिने आणि १२६० दिवस आहेत, म्हणजे साडेतीन वर्षं. सात येतात दानीएल ९:२७ मधल्या एका सप्तकातून (सप्तक म्हणजे सात वर्षांचा गट). सत्तर सप्तकांपैकी ६९ सप्तकं, म्हणजे ४८३ वर्षं, ख्रिस्तापर्यंत संपली, मग घड्याळ थांबलं आणि शेवटचं सप्तक अजून यायचं आहे, असं ही शिकवण धरते. मधली ही मोकळी जागा मान्य केली की मालिकेचं वेळापत्रक जुळतं, अमान्य केली की सगळं वेळापत्रक कोसळतं. पहिल्या बैठकीत यावर पंधरा मिनिटं खर्च करा. नंतरचा दीड महिना शांततेत जाईल.

वसईची_वाचक:
कॅथलिक वाचकांना आधीच कल्पना द्या. दुसऱ्या पुस्तकात कळतं की पोपही वर घेतले गेले, पण कारण असं दिलंय की ते नुकतेच प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या शिकवणीकडे झुकले होते. त्यांच्यानंतर सिनसिनाटीचे एक आर्चबिशप जगाच्या नव्या एकत्रित धर्माचे प्रमुख होतात. वसईत काय, गोव्यात काय, हे पान उघडलं की चर्चा तिथेच अडते. जुना_करार यांच्या रकान्यांत ते "कादंबरीकार" खाली जातं खरं, पण दुखणं खरं आहे हे मान्य करूनच पुढे जा. यहुदी वाचकांची तक्रार याहून मोठी आहे. या कथेत यहुद्यांना धर्म बदलणं किंवा नाश होणं याखेरीज वाटच उरत नाही.

जोडीला रॉबर्ट ह्यू बेन्सन यांची 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' (१९०७) घ्या. लेखक कँटरबरीच्या अँग्लिकन आर्चबिशपांचे चिरंजीव, १९०३ साली कॅथलिक झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली मनिलाहून परतताना विमानात पत्रकारांना ही कादंबरी वाचायला सांगितली होती. स्वामित्वहक्क संपलेला असल्याने फुकट मिळते. एक सावधगिरी बाळगा: सुरुवातीची प्रस्तावना सोडून द्या. तिथे एक म्हातारे गृहस्थ पानंच्या पानं युरोपचं राजकारण समजावतात आणि बरेच वाचक तिथेच पुस्तक मिटतात. थेट पहिल्या भागापासून सुरू करा, संपल्यावर प्रस्तावनेकडे परत या. इथे कुणीही गायब होत नाही. ख्रिस्तविरोधक (जगाच्या शेवटी येणारा ख्रिस्ताचा शत्रू) मृदू बोलतो, युद्ध थांबवतो, लोक त्याच्यावर मनापासून प्रेम करतात, आणि देवाची गरजच उरली नाही असं सगळ्यांना वाटू लागतं. इच्छामरणाची सरकारी सोय असलेलं जग बेन्सननी १९०७ सालीच लिहून ठेवलंय. त्यातला एका स्त्रीचा शेवटचा प्रसंग स्वतंत्र वेळ देऊन वाचा.

कॅथलिक चर्चची भूमिका कुणी विचारली तर धर्मशिक्षण ग्रंथाचे (कॅटेकिझमचे) परिच्छेद ६७५ ते ६७७ काढा, तिन्ही मिळून जेमतेम एक पान होतं.

कट्टेकरीण:
रकान्यांची कल्पना लगेच घेतेय. पण एक अडचण आहे. पेन्टेकॉस्टल मंडळींना असं वाटू नये की त्यांच्या शिकवणीचीच तेवढी चिरफाड चाललीय. उलट मताची अशी कादंबरी आहे का, जिच्यातही तितकीच भोकं दाखवता येतील?

जुना_करार:
आहे की. हँक हॅनेग्राफ आणि सिग्मंड ब्राऊवर यांची 'द लास्ट डिसायपल' (२००४). 'लेफ्ट बिहाइंड'च्याच प्रकाशकाने काढली, आणि त्यावर लाहे उघडपणे नाराज झाले होते. हिचं म्हणणं असं की प्रकटीकरणातलं श्वापद, ज्याचा आकडा ६६६ सांगितलाय, ते म्हणजे रोमन सम्राट नेरो, आणि बरंचसं भाकीत इ.स. ७०मध्ये यरुशलेमचा नाश झाला तेव्हाच पुरं झालं. कथा नेरोच्या रोममध्ये घडते.

६६६ चा हिशेब गटात करून दाखवा, मुलांना आवडतो. हिब्रू अक्षरांना अंकमोल असतं. "नेरोन कैसर" लिहिलं की नून ५०, रेश २००, वाव ६, नून ५०, म्हणजे ३०६. मग कोफ १००, सामेख ६०, रेश २००, म्हणजे ३६०. बेरीज ६६६. लॅटिन उच्चाराप्रमाणे "नेरो" लिहून शेवटचा नून काढला की उरतात ६१६, आणि इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या प्रकटीकरणाच्या एका जुन्या पपायरसवर खरोखरच ६१६ आहे.

आता भोक. हे सगळं टिकायला प्रकटीकरण इ.स. ७०च्या आधी लिहिलेलं असायला हवं, आणि बहुसंख्य अभ्यासक ते सम्राट डोमिशियनच्या काळात, ९५च्या सुमारास ठेवतात. पेन्टेकॉस्टल सदस्यांना हा मुद्दा मांडायला सांगा. बाजू आपोआप समसमान होतात.

वेळ उरला तर रशियन तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्ह्योव यांची ख्रिस्तविरोधकाची छोटी कथा (१९००) घ्या, एका बैठकीत संपते. तिच्यात शेवटी तिघेच खंबीर उभे राहतात: ऑर्थोडॉक्स वडील योहान, पोप पेत्र दुसरे आणि प्रोटेस्टंट प्राध्यापक पाउली. तुमच्या मिश्र गटाला याहून चपखल काही सापडणार नाही. सुरुवातीला आशियाई सैन्याने युरोप जिंकल्याचा भाग आहे, त्यात त्या काळचा वांशिक पूर्वग्रह आहे, ते आधी सांगून टाका.

संडेस्कूल_शिक्षिका:
मुलांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. या कथांना मिळणारा सर्वात खोल प्रतिसाद भीतीचा असतो. शाळेतून घरी आलं, घर रिकामं दिसलं, की "सगळे गेले, मीच राहिले" असं वाटणं, हे अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल घरांत वाढलेल्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून विमानाचा प्रसंग बैठकीच्या शेवटी वाचू नका. सुरुवातीला वाचा, म्हणजे बोलायला तास मिळतो. त्याच बैठकीत थेस्सलनीकाकरांसचा तो उतारा १३व्या वचनापासून १८व्यापर्यंत पूर्ण वाचा. पौल तिथे मेलेल्या माणसांसाठी रडणाऱ्यांशी बोलतोय, आणि शेवट एकमेकांना धीर द्या असा आहे. फक्त सतरावं वचन तोडून घेतलं की धीराचं वचन धाकाचं होतं.

कुणी तारीख काढायला लागलं तर २२ ऑक्टोबर १८४४ आणि २१ मे २०११ या दोन चुकलेल्या भाकितांच्या तारखा सांगा. दोन्ही दिवशी हजारो लोक वाट पाहत बसले होते. एखादं मूल गप्प झालं तर सर्वांसमोर विचारू नका, नंतर चहाच्या वेळी विचारा.

पानोपानी:
वाचकांच्या प्रतिक्रियांवरच एक चांगला अभ्यास आहे, एमी जॉन्सन फ्रायकोम यांचा 'रॅप्चर कल्चर' (२००४); रॅप्चर म्हणजे विश्वासणाऱ्यांचं हे वर घेतलं जाणं. त्यांनी वाचकांशी प्रत्यक्ष बोलून लिहिलाय. हे पुस्तक एकटं वाचलं जात नाही, सासू सुनेला देते, मैत्रीण मैत्रिणीला देते, चर्चमध्ये हातोहात फिरतं, हे त्यातून दिसतं. तुमच्या गटातही विचारा: हे पुस्तक तुम्ही कुणाला द्याल आणि का? "कथा आवडली का" यापेक्षा या प्रश्नाला उत्तरं मोकळी येतात.

आणखी एक, आठव्या पुस्तकातला चँग वाँगचा प्रसंग तोंडी सांगा. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर श्वापदाची खूण उमटवली जाते, आणि तो विश्वासणाराही असतो. खूण घेणाऱ्याला देवाची शिक्षा सांगणारं प्रकटीकरण १४:९–११ समोर ठेवलं की प्रश्न उभा राहतो, जबरदस्तीची खूण मोजायची का? यावर मालिकेचे चाहतेच आपसात भिडले होते.

कट्टेकरीण:
मग असं ठरवते. पहिली बैठक: आधी विमान, मग रकाने आणि वेळापत्रक. दुसरी: 'लेफ्ट बिहाइंड' पूर्ण, मत्तय २४ सोबत. तिसरी: बेन्सन, प्रस्तावना सोडून. चौथी: नेरोचा हिशेब अर्धा तास, मग सोलोव्ह्योव. मत्तयच्या प्रती छापायला देतेय, ४० आणि ४१ ही वचनं.

जुना_करार:
ताई, थांबा. ३६पासून ४२पर्यंत छापा. एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल, हे नोहाच्या दृष्टान्ताला जोडून आलंय, आणि तिथे पूर येऊन ज्यांना घेऊन गेला ते बुडाले. राहिला तो नोहा. म्हणजे इथे मागे राहणं हेच वाचणं असू शकतं, आणि मालिकेच्या नावावरच चर्चा उघडते. ४०पासून छापलंत तर नोहा कागदाबाहेर राहील.